वडील गेल्यावर घर, भाट आणि आईचा अर्धा वाटा

वडिलांचं दिवसकार्य आटोपलं की आठवड्याभरात कोणीतरी विचारतंच, "मग घर आता कोणाच्या नावार?" गोव्यात या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना विचारू नये. तिकडचा सातबारा, वारस दाखला, हिंदू वारसा कायदा यातलं इथे काही लागू होत नाही. आमच्या घरचं हे सगळं काम आम्ही भावंडांनी कचेऱ्यांत स्वतः जाऊन केलं, पुढे नात्यातल्या दोन-तीन घरांनाही सोबत केली. ज्यांना आता या वाटेनं जायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सगळ्यांत आधी मनात पक्कं बसवायची गोष्ट म्हणजे, वडिलांच्या नावावरच्या मालमत्तेतला अर्धा भाग वडिलांचा नव्हताच. तो आईचा होता, लग्न झालं तेव्हापासून. गोव्यात लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. लग्नाआधीची, नंतरची, कमावलेली, माहेरहून किंवा सासरहून वारशाने आलेली, सगळी. 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेली ही पद्धत मुक्तीनंतरही कायम राहिली आणि ती हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना सारखी आहे. त्यामुळे वडील वारतात तेव्हा वारसांकडे जातो तो फक्त त्यांचा अर्धा. आई त्या अर्ध्याची 'वारस' म्हणून मुलांच्या रांगेत उभी राहत नाही; ती स्वतःच्या अर्ध्याची मालकीण म्हणून वेगळी उभी असते. वकील तिला 'मोइटी होल्डर' म्हणतात.

आकड्यांत सांगायचं तर, आई आणि तीन मुलं असतील तर आईचा 1/2, प्रत्येक मुलाचा 1/6. मुलगा-मुलगी फरक नाही, लग्न झालेली-न झालेली फरक नाही. आणि मुलांपैकी ज्यांची लग्नं याच पद्धतीखाली झालेली आहेत, त्यांचा 1/6 पुन्हा नवरा-बायकोत अर्धा अर्धा, म्हणजे 1/12 प्रत्येकी. म्हणूनच प्रत्येक कागदावर सुना आणि जावई यांच्या सह्या लागतात. "जावयाचा काय संबंध?" असं म्हणत एखादा दस्त त्याच्या सहीविना करून ठेवला, तर पुढे विकताना तोच दस्त अडतो.

इच्छापत्र असेल तर? मुलं असताना वडिलांना आपल्या अर्ध्यातला निम्माच भाग मनाप्रमाणे देता येतो, म्हणजे एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा. उरलेला निम्मा कायद्याने मुलांसाठी राखीव असतो. "बाबांनी सगळं धाकट्याला लिहून दिलंय" हे वाक्य गोव्यात कायद्यापुढे पूर्ण टिकत नाही.

कागदपत्रांकडे वळण्याआधी कायद्याची एक तारीख. 22 डिसेंबर 2016 पासून 'गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, 2012' लागू आहे. इन्व्हेंटरी म्हणजे कोर्टातून होणारी मालमत्तेची यादी आणि वाटणी. मृत्यू त्याआधीचा असेल तर वाटे कोणाचे किती हे जुन्या कोडप्रमाणे ठरतं, काम मात्र नव्या कायद्याच्या रीतीने चालतं. आजोबा 1980 मध्ये गेले आणि त्यांच्या नावावरचं काहीच हलवलेलं नाही, अशी घरं गावागावांत आहेत. तिथे सुरुवात वडिलांपासून करून भागत नाही, आजोबांपासून करावी लागते.

आता कागद. मृत्यूचा दाखला, आई-वडिलांच्या लग्नाचा सिव्हिल दाखला, सगळ्या मुलांचे जन्मदाखले, मुलांच्या लग्नांचे सिव्हिल दाखले. लग्नाचा दाखला म्हणजे देवळातल्या किंवा मंगल कार्यालयातल्या लग्नाची पत्रिका-फोटो नव्हे. नोंदणी कचेरीत 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' होऊन नोंदलेलं लग्न. काही जोडप्यांची पहिली सही झाली, दुसरी करायची राहून गेली, आणि हे चाळीस वर्षांनी इथे उघड होतं. सावंतवाडीची किंवा बेळगावची सून असेल आणि लग्न तिकडेच नोंदलेलं असेल, तर तो दाखला पहिल्याच दिवशी वकिलाला दाखवा. मालमत्तेची पद्धत कोणती हा प्रश्न तिथेच सोडवून घ्यावा लागतो. फार जुन्या नोंदी तालुक्याच्या कचेरीत सापडल्या नाहीत तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधायच्या.

खरा वेळ खातं ते नावाचं स्पेलिंग. वडिलांच्या पोर्तुगीजकालीन जन्मदाखल्यावर शंकर 'एक्स'ने सुरू होतो, नायकाच्या शेवटी 'के'ऐवजी 'क्यू-यू-ई' असतं, प्रभूचं 'पोरोबो' झालेलं असतं. आधार कार्डावर तिसरंच, जमिनीच्या कागदावर चौथं. प्रत्येक ठिकाणी "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र जोडून काही कचेऱ्यांत भागतं, काही ठिकाणी भागत नाही आणि मूळ नोंद दुरुस्त करून आणायला सांगतात. म्हणून सगळे दाखले एकदा टेबलावर शेजारी-शेजारी मांडून प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वडिलांचं, आईचं माहेरचं आणि सासरचं, आजोबांचं. हे काम एका संध्याकाळचं आहे. केलं नाही तर महिने जातात.

जमिनीसाठी 'एक-चौदा'चा उतारा काढायचा, शहर सर्व्हेच्या हद्दीत असेल तर 'फॉर्म डी'. उताऱ्यात तीन जागा नीट वाचायच्या. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे, कुळाच्या रकान्यात कोणी आहे का, आणि 'इतर हक्क' मध्ये काय लिहिलंय. आमच्याकडे एका भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, कब्जेदारात पणजोबांचं नाव आणि इतर हक्कांत मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घराची नोंद, असं दोन्ही एकाच उताऱ्यात निघालं. एक-चौदा हा मालकीचा पुरावा नाही, तो महसुली नोंदीचा कागद आहे. मालकी दाखवायला जुना विक्रीदस्त, आधीच्या वाटणीचा निकाल, किंवा पोर्तुगीज काळातल्या भू-नोंदणी पुस्तकातला वर्णन क्रमांक आणि नोंद क्रमांक लागतो. तो उतारा पोर्तुगीजमध्ये असतो, भाषांतर जोडावं लागतं. घरात ट्रंकेत पिवळी पडलेली पोर्तुगीज पानं असतील तर एकही फेकू नका. आपल्या ताब्यात कुळाचे किंवा मुंडकाराचे हक्क असतील तर तीही मालमत्ताच आहे, यादीत घ्यायची.

पुढची पायरी वारसनोंदीचा दस्त, 'डीड ऑफ सक्सेशन'. जुने लोक अजून 'हाबिलितासांव' म्हणतात. तो विशेष नोटरीसमोर होतो, आणि विशेष नोटरी म्हणजे रस्त्यावर शिक्का मारून देणारा नोटरी वकील नव्हे. तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रार हेच ते. इथे तीन माणसं हजर लागतात, जी घराला ओळखतात पण वारस नाहीत. शेजारी, गावचे जुने ओळखीचे. ती नोटरीसमोर जाहीर करतात की अमुक गृहस्थ अमुक दिवशी वारले, मागे पत्नी अमुक, मुलं अमुक-अमुक, त्यांचे जोडीदार अमुक, आणि याशिवाय दुसरा कोणी वारस नाही. या तिघांना आधी घरी बसवून सगळी नावं सांगा, कारण नोटरी त्यांना तोंडी विचारतात. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीचं नाव शेजाऱ्याला आठवलं नाही, तर संशयाला जागा होते. मग दस्ताची नोटीस स्थानिक दैनिकात छापावी लागते आणि हरकतीसाठी 30 दिवस सोडावे लागतात. वर्तमानपत्राचं ते पूर्ण पान सांभाळून ठेवा, नुसतं कात्रण नको. तारीख आणि दैनिकाचं नाव दिसायला हवं.

बहीण-भावांपैकी कोणी हक्क सोडायचा म्हणत असेल तर तोही दस्त विशेष नोटरीसमोरच होतो, आणि तिथे एक मोठी गफलत होते. "मी माझा हक्क भावाच्या नावे सोडते" असा हक्कसोड होत नाही. सोडायचा तो बिनशर्त, सगळ्यांसाठी; मग तो वाटा उरलेल्या वारसांत जातो. एकालाच द्यायचा असेल तर ते हस्तांतर झालं, त्याचा दस्त वेगळा आणि मुद्रांक शुल्कही वेगळं. बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही लागते हे पुन्हा सांगतो. "तुला लग्नात दिलं ना" असं म्हणून बहिणीला सही करायला बसवणारे भाऊ पाहिले आहेत. लग्नात खरंच एखादी मालमत्ता दान दिली असेल तर ती वाटणीच्या हिशेबात धरता येते, पण तिचा वारसाहक्क त्यामुळे बुडत नाही. दबावाखाली घेतलेली सही घराला वर्षानुवर्षं कोर्टात नेते.

आणि आईला तिचा अर्धा सोडायला लावू नका. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगतो. "आईचं पुढे आपलंच आहे, एकदम सगळं करून टाकूया" असा सल्ला भले लोकही देतात. आईचा अर्धा हा तिचा म्हातारपणचा एकमेव आधार असतो आणि तो एकदा गेला की परत मिळवणं फार कठीण.

परदेशातल्या भावंडांसाठी मुखत्यारपत्र लागतं. लंडन, लिस्बन, दुबई कुठूनही आलं तरी ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेलं असावं, आणि भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यावं. मजकुरात 'वारसनोंद, इन्व्हेंटरीत हजर राहणं, बोली लावणं, हक्क सोडणं, दस्तावर सही करणं' हे अधिकार एकेक करून लिहिलेले हवेत. मोघम 'माझी सर्व कामं' चालत नाही. जोडीदाराचं मुखत्यारपत्रही त्याच वेळी मागवा. ते राहिलं म्हणून पुन्हा कुरिअर, पुन्हा दूतावासाची वेळ, हा फेरा बहुतेकांना पडतो.

वारसनोंद झाली म्हणजे वाटणी झाली असं नाही. त्या दस्ताने एवढंच ठरतं की वारस कोण. मालमत्ता अजून सगळ्यांची मिळून, अविभक्त. या अवस्थेत "मागची दोन माडाची रांग माझी" असं म्हणून कोणी तेवढा तुकडा विकू शकत नाही. सगळे सज्ञान असतील आणि एकमत असेल तर सब रजिस्ट्रारकडे नोंदणीकृत वाटणीदस्त करून मोकळं होता येतं. वारसांत अल्पवयीन मूल असेल किंवा मानसिकदृष्ट्या असमर्थ व्यक्ती असेल, तर मात्र कोर्टातली इन्व्हेंटरी करावीच लागते. एकमत नसेल तर तीच वाट.

इन्व्हेंटरी दिवाणी न्यायालयात चालते, मृत व्यक्तीचं शेवटचं राहतं ठिकाण ज्याच्या हद्दीत होतं तिथे. आधी कोर्ट एक प्रशासक नेमतं, शक्यतो हयात जोडीदाराला. जुने वकील त्याला 'काबेसा द काझाल' म्हणतात. आई वयस्कर असेल, जिने चढणं जमत नसेल, तर ती एखाद्या मुलाला मुखत्यार करू शकते. प्रशासक शपथेवर निवेदन देतो, त्यात मृत्यूची तारीख, वारस, त्यांचे जोडीदार, इच्छापत्र, हयातीत दिलेली दानं. मग मालमत्तेची यादी, आयटम क्रमांक घालून: रोकड, सोनं, ठेवी, वाहन, घर, जमीन, आणि कर्जंसुद्धा. सगळ्या संबंधितांना नोटीस जाते.

यादीत हमखास राहतं ते बँकेचं. मुदतठेवीवर धाकट्या मुलाचं नामांकन आहे, बँकेने पैसे त्याला दिले, म्हणजे ते त्याचे झाले, असा समज फार खोल आहे. नामांकित व्यक्ती फक्त पैसे स्वीकारते, मालक वारसच असतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. आणि लक्षात घ्या, एकट्या वडिलांच्या नावावरच्या त्या ठेवीचा अर्धाही आईचाच. गोव्याबाहेरची मालमत्ताही सोडू नये. मुंबईतला फ्लॅट असला तरी गोवेकराच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं आहे.

पुढचा टप्पा संबंधितांच्या बैठकीचा. इथे सगळे मिळून कोणाला काय हे ठरवू शकतात. नाही जमलं तर लिसिटेशन, म्हणजे वारसांतल्या वारसांत लिलाव. बाहेरचा माणूस बोली लावत नाही. हा भाग नीट समजून घ्या, कारण घरं इथेच जातात.

उदाहरणादाखल, आयटम 1 राहतं घर, मूल्य 60 लाख. आयटम 2 भाट, 30 लाख. आई आणि तीन मुलं. मूळ हिशेबाने आईचे 45, प्रत्येक मुलाचे 15. आता थोरल्याने घरावर 66 लाखांची बोली लावली आणि कोणी वर गेलं नाही. भाट आईने 30 ला घेतलं. एकूण झाले 96. आईचा अर्धा 48, प्रत्येक मुलाचे 16. थोरल्याला मिळाले 66, हक्क 16 चा, म्हणून त्याने 50 लाख बाकीच्यांना भरायचे: आईला 18, दोन्ही बहिणींना 16-16. या फरकाच्या रकमेला कोर्टात 'ओवेल्टी' म्हणतात. हिशेब चोख. पण परिणाम पाहा: अर्ध्याची मालकीण असलेली आई ज्या घरात पन्नास वर्षं राहिली ते घर आता तिचं नाही. हातात 18 लाख आणि नारळाचं भाट. थोरला चांगला असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर ती त्या घरात मुलाच्या मर्जीने राहणार.

म्हणून लिलावाच्या दिवसाआधी वकिलाबरोबर बसून कागदावर हा हिशेब आईच्या बाजूने मांडा. तिला घर घ्यायचं असेल तर तिच्या 48 वर आणखी 18 लाख लागतील; ते ठेवीतून, सोन्यातून येतील का? की बैठकीतच सगळ्यांच्या संमतीने घर तिच्या वाट्याला घालून भाट आणि ठेवी मुलांनी घ्यायच्या? बोली लावणाऱ्यानेही पैसे कुठून येणार हे आधी पाहावं. भावाला जिंकू द्यायचं नाही म्हणून आकडा वाढवत नेलेली बोली पुढे कर्ज काढून भरावी लागते. मूल्य फार कमी दाखवलंय असं वाटलं तर बोलीच्या आधी हरकत घेऊन मूल्यमापक मागता येतो. नंतर रडून उपयोग नाही.

बोली झाल्यावर वाटपाचा तक्ता तयार होतो, त्यावर हरकती, ओवेल्टी भरल्याच्या पावत्या आणि शेवटी निकाल. तक्त्यातले सर्व्हे क्रमांक, उपविभाग आणि क्षेत्रफळ उताऱ्याशी ताडून पाहा. निकालात '45/2' च्या जागी '45/12' छापलं गेलं की दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्टात अर्ज.

आईच्या वाट्याचं पुढे काय करायचं हे तिने ठरवायचं. मुलाला दानपत्र करून द्यायचंच असेल तर दोन गोष्टी दस्तात लिहिलेल्या असाव्यात. एक, तिच्या हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क तिच्याकडे राखलेला. दोन, मुलाने तिचा सांभाळ करावा ही अट, स्पष्ट शब्दांत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 सांगतं की सांभाळाच्या अटीवर दिलेल्या मालमत्तेचं हस्तांतर, सांभाळ केला नाही तर, न्यायाधिकरण रद्द करू शकतं. दस्तात अटच नसेल तर ती होती हे सिद्ध करण्यात आईची शक्ती जाते. सांभाळ होत नसेल तर उपविभागातल्या याच न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डेप्युटी कलेक्टरांकडे, निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. कायद्यात वरची मर्यादा महिना 10,000 रुपये, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. साध्या भाषेत लिहिलेला अर्ज चालतो. त्यात औषधांचा, वीजबिलाचा, घरकामाच्या बाईच्या पगाराचा महिन्याचा खर्च पावत्यांसकट जोडला तर रक्कम ठरवायला आधार मिळतो.

दानपत्रापेक्षा इच्छापत्र बरं, असं माझं मत आहे. ते तिला हयातीत कधीही बदलता येतं. विशेष नोटरीच्या पुस्तकात दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतलेलं इच्छापत्र गहाळ होत नाही, आणि "आईला काही कळत नव्हतं" असं म्हणणाऱ्याला ते खोडणं अवघड जातं. वय फार असेल किंवा नुकतंच आजारपण येऊन गेलं असेल, तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून ठेवा.

निकाल किंवा वाटणीदस्त हातात आला की प्रमाणित प्रती एकदमच चार-पाच काढा. एक फेरफारासाठी मामलेदाराकडे, शहर सर्व्हेत असेल तर सर्व्हे निरीक्षकाकडे. एक पंचायतीत किंवा पालिकेत घरपट्टीसाठी, एक वीज खात्याला, एक बँकेला. जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पडले असतील तर नवे उपविभाग क्रमांक पाडून घेण्यासाठी डेप्युटी कलेक्टरांकडे वेगळा अर्ज लागतो. फेरफाराची नोटीस गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी उतारा पुन्हा काढून पाहा: आईच्या वाट्याच्या सर्व्हे क्रमांकावर कब्जेदार म्हणून आईचं नाव, बरोबर स्पेलिंगसह, चढलंय का.